राणीचा शब्द आणि रखमाजीची भीती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या दोन राज्यांची नावे आता कुणालाच आठवत नाहीत. त्यांच्यामधला डोंगर तेवढा लोकांच्या लक्षात राहिला आहे.

डोंगराच्या अलीकडे एका राणीचे राज्य होते आणि पलीकडे एका राजाचे. राजाचा डोळा अलीकडच्या काळ्या जमिनीवर होता. दर चार-दोन वर्षांनी त्याची फौज डोंगर चढून येई, पायथ्याची गावे लुटी आणि मार खाऊन परत जाई. डोंगर ओलांडायला वाटा दोनच होत्या, एक उत्तरेची खिंड आणि एक दक्षिणेची. दोन्ही खिंडींच्या तोंडाशी राणीचा एकेक किल्ला होता.

दक्षिण खिंडीचा किल्लेदार होता रखमाजी. माणूस भित्रा नव्हता, पण जिवाला फार घोर लावून घेणारा. संध्याकाळी किल्ल्याचा दरवाजा लागला की तो अडसर स्वतःच्या हाताने चाचपून पाही आणि घरी पोचल्यावर पुन्हा एकदा पाहून यावे असे त्याला वाटे. शिपाई पाठीमागे हसत. गेल्या लढाईनंतर मात्र कुणी हसेनासे झाले. त्या लढाईत, दाट धुक्यात खिंड लढवताना, रखमाजीचा एकुलता एक मुलगा विठोजी पडला होता.

लढाई संपल्यावर राणीने दवंडी पिटवली. दोन्ही खिंडींच्या माथ्यावरून, पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने, दवंडीवाले ओरडले की पलीकडचा जो शिपाई हत्यार टाकून येईल त्याच्या जिवाला धक्का लागणार नाही, हा राणीचा शब्द आहे. राजधानीत लोकांनी राणीच्या मोठ्या मनाचे कौतुक केले. पण राजधानी खिंडीपासून लांब होती. रखमाजीला त्या दिवसापासून घास गोड लागेना. कुणी खरोखरच आले तर? आणि आलेला माणूस शरण आला आहे की दगा द्यायला, हे ओळखायचे कसे?

पावसाळा सरला, डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागले, आणि एका सकाळी ते आले.

दहा-बारा शिपाई होते. खिंडीच्या शेवटच्या वळणावर ते थांबले. त्यांनी तलवारी आणि भाले वाटेत एका जागी टाकले, डोक्यावरची पागोटी सोडून कमरेला गुंडाळली आणि उन्हात, किल्ल्यावरून नीट दिसतील असे, जमिनीवर बसून राहिले.

बुरुजावर सगळी माणसे गोळा झाली. रखमाजीचा दुय्यम होता भिवजी नाईक. त्याच्या खांद्यावर पलीकडच्या भाल्याचा व्रण होता आणि थंडीत तो अजून ठणके. त्याने तिरंदाजांना उभे केले आणि रखमाजीच्या होकाराची वाट पाहू लागला. त्याचे म्हणणे असे की हे लोक विठोजीला मारणाऱ्या फौजेतले आहेत, आणि मारायला याहून सोपे ते पुन्हा कधी सापडायचे नाहीत.

रखमाजी नुसता खाली पाहत राहिला. हा कावा असेल तर किल्ला जाईल, आणि किल्ल्याबरोबर खालची गावे जातील. कावा नसेल आणि आपण बाण सोडले, तर राणीचा शब्द आपल्या हातून मोडेल. ऊन चढले तरी त्याचा निर्णय होईना. ती माणसेही बसल्या जागची हलली नाहीत. त्यांच्यातला एक जण उन्हाने कलंडला, तेव्हा शेजारच्याने त्याचे डोके आपल्या मांडीवर घेतले. ते पाहून रखमाजीने तिरंदाजांना धनुष्ये खाली करायला सांगितले. पण कोठारात ठेवायला सांगितले नाही.

आलेल्यांचा म्होरक्या इंद्रोजी नावाचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला माणूस होता. त्याने आपली हकिकत सांगितली. पलीकडच्या एका गावाने आपली तरणी मुले फौजेपासून लपवून ठेवली होती. राजाचा हुकूम आला की त्या गावाला, माणसे घरात असतानाच, आग लावा. इंद्रोजीच्या तुकडीने मशाली हातात घेतल्या, गावापर्यंत गेली आणि तिथे तिचे पाय अडले. मशाली नदीत टाकून ते डोंगराकडे निघाले. मागे वळले असते तर हत्तीच्या पायी जाणे ठरलेले होते.

रखमाजीने ऐकून घेतले. त्याच्या मनात आले की अशी हकिकत कुणालाही रचता येईल.

म्हणून त्याने त्यांना किल्ल्यात घेतले नाही. तटाबाहेर, खालच्या अंगाला, गुरांचा एक मोठा वाडगा रिकामा होता. त्याला दगडी कुंपण होते आणि वर गवताचे छप्पर होते. तिथे त्यांना ठेवले. त्यांची हत्यारे किल्ल्यात जमा केली. वाडग्याभोवती चौकी बसवली. किल्ल्यातले पाण्याचे टाके, धान्याचे कोठार आणि कड्यामागची चोरदिंडी, म्हणजे अडचणीच्या वेळी निसटायचे गुप्त दार, यांपैकी काहीही त्यांच्या नजरेला पडू नये असा हुकूम दिला. मग एकेकाला वेगळे बोलावून त्याने तेच प्रश्न उलटसुलट विचारले. गाव कोणते, नदी कुठल्या बाजूला, मशाली आधी कुणी टाकल्या. उत्तरे जुळली. तरी त्याचे समाधान झाले नाही. जुळलेली उत्तरे पढवलेलीही असू शकतात, असे त्याला वाटत राहिले.

घरी बायकोला, सगुणाला, हे कसे सांगावे याच विचारात तो उंबऱ्याशी घोटाळला. तिला आधीच कळले होते. चुलीपुढे बसून ती भाकरी थापत होती आणि नेहमीपेक्षा परातीत पीठ बरेच जास्त होते.

"त्यांच्यातल्या कुणी आपल्या विठोजीला मारलं का?" तिने मान वर न करता विचारले.

"ठाऊक नाही."

"विचारलंत?"

"नाही."

"विचारू नका," सगुणा म्हणाली. "उत्तर कळलं तर मला भाकरी थापता यायची नाही."

रखमाजीने मान डोलावली. पण ते त्याच्याने पाळवले नाही. दुसऱ्या दिवशी वाडग्याच्या कुंपणाशी इंद्रोजी एकटा भेटला, तेव्हा तोंडून प्रश्न निसटून गेलाच. इंद्रोजीने खोटे सांगितले नाही. गेल्या लढाईत तो याच खिंडीत होता. धुके इतके होते की समोर कोण आहे ते दिसत नव्हते. त्याने भाला चालवला होता आणि तो कुणाला तरी लागलाही होता. याहून जास्त त्याला सांगता येईना. रखमाजी तिथून निघाला आणि तटाला वळसा घालून उगाचच लांबच्या वाटेने घरी गेला. सगुणाला त्याने काही सांगितले नाही. त्या दिवसापासून वाडग्याजवळून जायचे तो टाळू लागला. ते भीतीने की रागाने, हे त्याचे त्यालाही समजत नव्हते.

थोड्याच दिवसांत पलीकडून राजाचा वकील आला. निरोप सरळ होता. आमचे पळालेले शिपाई परत करा, नाहीतर या वेळी पायथ्याच्या एकाही गावात भिंत उभी ठेवणार नाही. बोलता बोलता वकिलाने आणखी एक बातमी दिली. उत्तरेच्या खिंडीतही असेच काही शिपाई शरण गेले होते. तिथल्या किल्लेदाराने त्यांना अभय देतो म्हणून आत घेतले आणि त्यांची मुंडकी उतरवून दरवाजावर टांगली. "आमचा शत्रू असला तरी शहाणा माणूस," वकील म्हणाला, "त्यानं आमचं काम वाचवलं."

ही बातमी किल्ल्यात पसरली. भिवजी नाईक उघडउघड म्हणू लागला की किल्लेदार असावा तर उत्तरेसारखा. खालच्या गावांचे पाटील गोळा होऊन वर आले. ते भांडायला आले नव्हते, हात जोडायला आले होते, आणि त्यामुळेच रखमाजीला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना. आपल्या लेकराबाळांपेक्षा ही परकी माणसे तुम्हाला जवळची का, असे त्यांनी विचारले. रखमाजीने राणीकडे स्वार धाडला होता, पण उत्तर यायला अवकाश होता आणि वकील उत्तरासाठी अडून बसला होता.

शेवटी रखमाजीने स्वतःच नकार दिला. राणीचा शब्द फिरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, इतकेच त्याने सांगितले. सांगताना त्याचा आवाज कापला आणि ते वकिलाच्या लक्षात आले.

आता प्रत्येक दिवस जड जाऊ लागला. खिंडीत दगड घरंगळला तरी माणसे तटाकडे धावत. आणि अशातच, एका दुपारी, ज्याची रखमाजीला पहिल्यापासून धास्ती होती तेच घडले.

वाडग्यातल्या माणसांना चौकीच्या बंदोबस्तात सरपण आणायला सोडत असत. त्यांच्यात पर्बत नावाचा एक अबोल शिपाई होता. मोळी बांधता बांधता तो झुडपांतून सटकला. चौकीदारांनी शोधले तेव्हा तो कड्यामागे सापडला, चोरदिंडीपासून हाताच्या अंतरावर. दारावरची वेल बाजूला सारून तो आतला रस्ता न्याहाळत होता.

पर्बतने फार आढेवेढे घेतले नाहीत. राजाने त्याची दोन्ही मुले वाड्यात ठेवून घेतली होती आणि फुटून निघालेल्या टोळीत मिसळायला त्याला सांगितले होते. किल्ल्याचे मर्म शोधायचे, संधी साधून परत यायचे, मग मुले मिळणार होती. इंद्रोजीच्या तुकडीला तो डोंगर चढताना वाटेत भेटला होता आणि गावाची, मशालींची हकिकत त्याने त्यांच्याच तोंडून ऐकून ठेवली होती. बाकी कुणाला काही माहीत नव्हते, असे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

पण आता ते कोण ऐकणार? भिवजीने तलवार उपसली. त्याच्यामागे किल्ल्यातले निम्मे शिपाई निघाले आणि सगळे वाडग्याच्या दिशेने उतरू लागले. रखमाजी धापा टाकत त्यांच्या पुढे गेला आणि वाडग्याच्या तोंडाशी उभा राहिला.

खरे सांगायचे तर त्या क्षणी भिवजीला थांबवावे असे त्याला मनापासून वाटत नव्हते. कुंपणापलीकडे इंद्रोजी उभा होता. धुक्यात चालवलेला भाला रखमाजीला डोळ्यांपुढे दिसत होता. नुसते एक पाऊल बाजूला व्हायचे होते. कुणी दोष दिला नसता. दगा झाला होता, तो सगळ्यांच्या समोर पकडला गेला होता, राणीनेही समजून घेतले असते.

आत वेगळाच गोंधळ चालू होता. पर्बतने आपल्याला फसवले हे कळताच इंद्रोजीची माणसे हात चोळीत होती. त्यांच्यातला एक जण रडत होता. इंद्रोजी कुंपणाजवळ आला.

"किल्लेदार," तो म्हणाला, "तुमचा विश्वास उडाला असेल तर आम्हाला इथंच मारा. पण राजाच्या हवाली करू नका. आणि पर्बतला आमच्या हाती देऊ नका. आम्ही त्याला जिवंत ठेवणार नाही, आणि मग तुम्हाला खरं काय ते कधीच कळायचं नाही."

रखमाजीने त्याच्याकडे पाहिले. कटात सामील असलेला माणूस आपल्याविरुद्धचा साक्षीदार जपायला सांगत नाही, हे त्याला उमगले. एवढ्याने त्याची भीती गेली नाही. पण पाय जागेवर स्थिर झाले.

"भिवजी," तो म्हणाला, "मला तुझ्याइतकीच भीती वाटते. थोडी जास्तच वाटते. पण दिंडी शोधली ती एकानं. बाकीच्यांनी आपलं काय बिघडवलं ते मला दाखव, मी बाजूला होतो."

भिवजीने कुंपणाआडच्या माणसांकडे पाहिले.

"आज यांना मारलंस तर उद्या डोंगर चढून येणारा प्रत्येक शिपाई मरायचंच आहे म्हणून लढेल. आपण किती जण आहोत ते तुला माहीत आहे."

भिवजीने तलवार म्यान केली, पण मागे फिरताना तो बोलून गेला की किल्ला पडला तर सगळ्यांचे रक्त तुमच्या माथी. रखमाजीने ते कबूल केले.

पर्बतला बेड्या घालून किल्ल्यातल्या कोठडीत ठेवले. तो कुणाशी बोलणार नाही, कुणी त्याला मारणार नाही, आणि त्याचा निवाडा राणी करील, असे ठरले. चोरदिंडी आतून दगडांनी चिणून टाकली. बाकीच्यांना रखमाजीने सीमेवर ठेवले नाही. बंदोबस्तात खाली मैदानात धाडले, सीमेपासून दूर, जिथे राणीच्या हुकमाने एका तलावाचा बांध घालायचे काम चालले होते. तिथल्या कारभाऱ्याला त्याने निरोप पाठवला की यांना कामाला लावा, पोटभर जेवू घाला, नजरेखाली ठेवा, आणि हातात हत्यार देऊ नका. त्यांच्याच भावांवर त्यांना चालून जायला लावू नका.

भिवजीला हे शेवटचे पटले नाही. पलीकडच्या वाटा ठाऊक असलेली माणसे लढाईत कामी आली असती. पण रखमाजीचे म्हणणे असे होते की जो आपल्याच मुलखातल्या गावाला आग लावायची नाही म्हणून पळून आला, त्याला पुन्हा तेच करायला सांगायचे, तर मग त्याच्या राजात आणि आपल्यात फरक काय.

डोंगराच्या दोन्ही अंगांना मिठाचे बैल घेऊन फिरणारे व्यापारी होते. लढाई असो नसो, मीठ सगळ्यांना लागते, म्हणून त्यांना कुणी अडवत नसे. त्यांच्या तोंडून दोन बातम्या पलीकडच्या छावण्यांत गेल्या. उत्तरेच्या दरवाजावर टांगलेल्या मुंडक्यांची एक. दुसरी अशी, की दक्षिणेकडे शरण गेलेला इंद्रोजी बांधावर माती टाकतो आहे, आणि दगा सापडल्यावरही किल्लेदाराने बाकीच्यांना हात लावला नाही.

थंडी पडली आणि राजा आपले सगळे बळ घेऊन डोंगर चढला. दोन्ही खिंडींवर त्याने एकाच दिवशी हल्ला केला.

दक्षिण खिंडीत रखमाजी तटावर उभा होता. खाली माणसांची रीघ लागली होती. इतकी माणसे त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. आपण चुकलो, असे त्याला वाटले. सगुणाला आधीच खाली गावात पाठवायला हवे होते, पर्बतने कुणाला आधीच काही कळवले असेल, पाटलांचे ऐकायला हवे होते. अशा शंभर गोष्टी त्याच्या मनात येऊन गेल्या. तिरंदाजांनी बाण लावले.

पहिली फळी किल्ल्याच्या माऱ्यात आली आणि मंदावली. सरदार मागून ओरडत होते. तरी पुढचे शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांच्यातल्या एकाने भाला जमिनीवर ठेवला आणि तो चढणीवर खाली बसला. त्याच्या शेजारचा बसला. पाहता पाहता रांगेमागून रांग बसत गेली, वाऱ्याने पीक आडवे व्हावे तशी. मागच्या सरदारांना पुढे यायला वाट राहिली नाही. काही जण घोड्यांसकट बसलेल्या माणसांत अडकले, काही मागे वळून निघून गेले. तटावरून एकही बाण सुटला नाही. भिवजी नाईक रखमाजीच्या शेजारी उभा राहून ते पाहत होता. तो एवढेच म्हणाला, की वाडग्यात एवढी माणसे मावायची नाहीत.

उत्तरेला मात्र वेगळे झाले. तिथेही दमलेले, उपाशी, बळजबरीने आणलेलेच शिपाई होते. पण दरवाजावर काय टांगले आहे ते त्यांनी पाहिले होते. हत्यार टाकले तर पुढे मरण, मागे फिरले तर राजाच्या हातचे मरण. मग ते असे लढले की किल्ला तीन प्रहरांत पडला. किल्लेदार दरवाजातच मारला गेला. राणीची कुमक पोचेपर्यंत खालच्या गावांत जळायचे काही राहिले नव्हते.

दक्षिणेची फौज बसून राहिल्यामुळे राजाचे बळ निम्मे झाले आणि कुमक आल्यावर त्याला उत्तरेची खिंडही सोडावी लागली. तो डोंगर उतरून गेला तो पुन्हा आला नाही.

काही दिवसांनी राणी स्वतः दक्षिण किल्ल्यावर आली. तिने पर्बतचा निवाडा केला. त्याला फाशी दिली नाही, पण सोडलेही नाही. दोन्ही राज्यांत तह होईपर्यंत तो कोठडीत राहिला. त्याच्या मुलांचे काय झाले ते अलीकडे कुणालाच कळले नाही, आणि सगुणा अधूनमधून व्यापाऱ्यांना त्याबद्दल विचारत असे.

राणीने रखमाजीला विचारले, की एवढ्या दडपणाखाली त्याने शब्द राखला तो कोणत्या धैर्याने. रखमाजी अवघडला. धैर्य वगैरे काही नव्हते, असे त्याने सांगितले. तो सगळा वेळ घाबरलेलाच होता, आणि आताही आहे. खाली आलेल्या शेकडो माणसांत आणखी एखादा पर्बत नसेलच असे कुणी सांगावे? म्हणून त्याने पुन्हा चौकी बसवली होती, पुन्हा हत्यारे जमा केली होती आणि पुन्हा एकेकाला वेगळे बोलावून तो प्रश्न विचारत होता. सगुणा गावातल्या बायकांना घेऊन भाकऱ्या थापत होती.

राणीने ती चौकशी तशीच चालू ठेवायला सांगितली आणि उत्तरेच्या दरवाजावरची मुंडकी उतरवून त्यांना अग्नी देण्याचा हुकूम केला.

लहानांनो, थोरांनो, या गोष्टीतून एवढेच पदरात घ्या: शत्रूकडून शरण आलेल्याला डोळ्यांत तेल घालून पारखावे, पण एकाच्या दग्यापायी सगळ्यांना दिलेला शब्द मोडू नये, कारण ज्या राज्यात शरण आलेला जगतो, त्या राज्यावर चालून येणाऱ्याचे हत्यार आपोआप खाली येते.